प्लॅट नदीकाठून: सारसाचे भाऊबंद

कार्नी, नेब्रास्का, अमेरिका

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गुडघाभर पाण्याच्या नदीत बघायचं काय, असं तुम्ही विचारलंत. प्लॅट उथळ आहे म्हणूनच बघायची.

रॉकी पर्वतातलं बर्फाचं पाणी घेऊन येणाऱ्या उत्तर आणि दक्षिण प्लॅट या दोन नद्या ‘नॉर्थ प्लॅट’ नावाच्या गावापाशी मिळतात. तिथून पुढे सुमारे ५०० किलोमीटरवर नदी मिसुरीत जाते. उतार किलोमीटरमागे सव्वा मीटर आणि तळाशी नुसती वाळू, त्यामुळे पाणी एका धारेत टिकत नाही. बेटं घालत, मोडत, वेणीसारखं गुंफत जातं. फ्रेंच व्यापाऱ्यांनी १७३९ मध्ये दिलेल्या ‘प्लॅट’ नावाचा अर्थ सपाट, आणि इथल्या मूळनिवासी ओटो लोकांच्या बोलीतून आलेला ‘नेब्रास्का’ म्हणजेही सपाट पाणीच. १८४० नंतर ओरेगॉनकडे निघालेल्या हजारो बैलगाड्या हिच्या काठाने गेल्या. पात्र ओलांडताना गाडी मध्येच थांबली की चाकं वाळूत रुतत, म्हणून थांबायचं नाही हाच नियम. या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवणाऱ्या मूळनिवासी पॉनी लोकांना मात्र १८७० च्या दशकात ओक्लाहोमाकडे जावं लागलं.

आता पक्षी. आपल्या गोंदियाच्या धानबांध्यांतला सारस आणि इथला सँडहिल क्रेन एकाच कुळातले. डोक्यावरचा लाल रंग पाहिलात की नातं पटेल. हा मात्र बुटका, साधारण मीटरभर उंच. टेक्सास, न्यू मेक्सिको आणि मेक्सिकोतून अलास्का, सैबेरियाकडे जाताना लाखो पक्षी फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत लेक्झिंग्टन ते ग्रँड आयलंड या सुमारे १३० किलोमीटरच्या पट्ट्यात उतरतात. प्रत्येक पक्षी तीन-चार आठवडे राहतो. दिवसभर हार्वेस्टरमधून सांडलेला मका आणि ओल्या कुरणातले किडे, गोगलगायी खाऊन वजन १५ ते २० टक्के वाढवतो. गोगलगायी कमी वाटल्या तरी चुना-कॅल्शियम त्यांतूनच मिळतं. रात्री मात्र वीतभर पाण्यात उभं राहायचं. कोयोट, म्हणजे इथला कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी, पाण्यातून आला की आवाज होतो. म्हणून पात्र रुंद आणि उघडं हवं. काठी झाडी असली की लांबचं दिसत नाही आणि पक्षी उतरतच नाहीत.

आणि नेमकं हेच हरवत गेलं. पूर्वी मे-जूनचा पूर आणि हिवाळ्याअखेरचे बर्फाचे ढलपे वाळूवरची कॉटनवुड झाडांची रोपं उपटून नेत. धरणं झाली, १९४१ मध्ये उत्तर प्लॅटवर किंग्सली धरण पुरं झालं, आणि पूर अडला. बी गळण्याच्या दिवसांत वाळू उघडी राहू लागली. रोप दोन-तीन वर्षं टिकलं की पाण्याला हार जात नाही; मग बेट, मग जंगल. काही पट्ट्यांत जुन्या रुंदीचा पाचवा हिस्साही उरला नाही. धरणात वाळू अडते, त्यामुळे खालचं निवळ पाणी तळ खरवडून पात्र खोल करतं, हे आणखी वेगळं दुखणं.

म्हणून पुराचं काम आता माणसं करतात. काठची झाडं तोडायची, उन्हाळाअखेर पाणी ओसरलं की वाळूवर डिस्क हॅरो, म्हणजे लोखंडी तव्यांचा कुळव, फिरवायचा. फ्रॅगमायटिस नावाचं बोरूसारखं उंच गवत असेल तर आधी तणनाशक. तसाच हॅरो घातला तर मुळांचे तुकडे वाहत जाऊन खाली नवी बनं उगवतात. २००७ पासून वायोमिंग, कोलोरॅडो, नेब्रास्का आणि केंद्र सरकार मिळून पाणी सोडण्याचा हिशेबही ठेवतात. मला हॅरोपेक्षा हा हिशेब महत्त्वाचा वाटतो. पाणीच नसेल तर वाळू नांगरून काय मिळणार? पांढरा हूपिंग क्रेनही इथे थांबतो. १९४१ मध्ये तो जगात जेमतेम वीस-बावीस उरला होता, आता त्याच्या मुख्य थव्यात पाचशेवर आहेत.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातलं तिकीट काढा. गिबनजवळच्या रो अभयारण्यात लपणाची, म्हणजे पक्षी बघायच्या आडोशाच्या खोपीतली, जागा आधी राखून ठेवावी लागते. सूर्योदयाच्या तासभर आधी अंधारातच आत जायचं आणि पक्षी उडेपर्यंत बाहेर यायचं नाही. फ्लॅश बंद, मोबाइलचा उजेडही नको. दिवसा शेताकडेने बघताना गाडीतच बसायचं. माना वर झाल्या की आपण फार जवळ गेलो समजा. पहाटे पारा शून्याखाली असतो, तेव्हा कानटोपी, जाड मोजे आणि ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या. स्वेटर गडद रंगाचा. आईने विणलेला तो भगवा घरीच राहू दे.

आईला सा. न.

आपला,
बाळू