हेडसेटची परीक्षा खोक्यावरून नको, डोक्यावरून हवी

महोदय,

दसरा-दिवाळी जवळ आली की दोन-अडीच हजार रुपयांपर्यंतच्या गेमिंग हेडसेटची ओळख करून देणारे लेख वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत येऊ लागतात. त्यांतील बहुतेक लेखांत ५० मिलिमीटरचे ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा आतला भाग), ७.१ सराउंड (चहूबाजूंनी आवाज येण्याचा भास), रंगीत दिवे असा खोक्यावरचा मजकूरच वाक्यांत बसवलेला आढळतो. लिहिणाऱ्याने ते उपकरण किती वेळ डोक्यावर ठेवले आणि त्यातून काय ऐकले, याचा उल्लेख क्वचितच असतो. महागड्या हेडसेटच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. स्वस्त हेडसेटमध्ये मात्र निर्मात्याने कुठे ना कुठे हात आखडता घेतलेला असतोच, आणि तो नेमका कुठे घेतला आहे हे ग्राहकाला सांगणे, हेच परीक्षकाचे खरे काम आहे.

प्रथम आरामाविषयी. कान पूर्ण झाकणाऱ्या अशा हेडसेटचे वजन साधारणपणे २५० ते ३५० ग्रॅम असते, पण नुसत्या वजनावरून फारसे काही कळत नाही. वरची पट्टी रुंद आणि मऊ असेल तर जड हेडसेटही दोन तास जाणवत नाही, आणि हलका हेडसेट दोन्ही बाजूंनी आवळत असेल तर अर्ध्या तासात कानशिले ठणकू लागतात. गंमत अशी की दुकानात दोन मिनिटे घालून पाहताना हीच आवळ चांगली वाटते, कारण तिच्यामुळे बाहेरचा गोंगाट अडतो आणि बेस, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, भरदार लागतो. चष्मा वापरणाऱ्यांची अडचण दुहेरी आहे. कुशनच्या दाबाने चष्म्याची काडी कानाच्या वरच्या बाजूला रुतते, शिवाय काडीमुळे कुशन आणि त्वचा यांच्यात फट राहून बेस निसटतो. म्हणजे एकाच हेडसेटचा आवाज चष्मेवाल्याला एक आणि बिनचष्मेवाल्याला दुसराच ऐकू येतो. इअरकपच्या, म्हणजे कान झाकणाऱ्या वाटीच्या, आतील पोकळीची लांबी, रुंदी आणि खोली साध्या पट्टीने मोजता येते, तरीही ती कोणी छापत नाही. कानाचा काठ आतल्या जाळीला टेकत असेल, तर बाकीच्या गुणांचे कौतुक तासाभराने उरत नाही.

यात पुण्याच्या हवेचाही विचार हवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि अभ्यास, ऑनलाइन बैठक आणि खेळ या तिन्हींसाठी एकच हेडसेट वापरणारे बहुतेक विद्यार्थी पंख्यावरच भागवतात. नकली चामड्याच्या कुशनखाली अशा वेळी घामाच्या धारा लागतात. कापडी कुशन त्या मानाने सुसह्य असते, पण ते हवा सोडत असल्याने बेस थोडा कमी होतो आणि बाहेरचा आवाज आत येतो. ही देवाणघेवाण ग्राहकाला आधी सांगितली पाहिजे. शिवाय पॉलियुरेथेनचा तो चामड्यासारखा थर घाम आणि दमट हवा यांमुळे हळूहळू विघटित होतो. एक-दोन पावसाळ्यांनंतर शर्टाच्या कॉलरवर काळे पापुद्रे पडू लागतात ते याचमुळे. म्हणून कुशन बदलता येते का आणि सुटे मिळते का, हा प्रश्न रंगीत दिव्यांच्या कितीतरी आधी यायला हवा.

आता आवाजाविषयी. ड्रायव्हरचा व्यास मोठा म्हणजे आवाज चांगला, असे समीकरण नाही. चांगल्या बांधणीचा ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर ढिसाळ बांधणीच्या ५० मिलिमीटरच्या ड्रायव्हरला सहज मागे टाकतो. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ही तर माणसाच्या श्रवणाचीच सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि त्या टप्प्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सांगितल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. स्वस्त गेमिंग हेडसेटमध्ये स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून बेस मुद्दाम फुगवलेला असतो. परंतु खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो, हा श्रवणाचा धर्मच आहे. त्यामुळे ज्याच्यासाठी हेडसेट घेतला तो खेळातील प्रतिस्पर्ध्याच्या पावलांचा आवाजच त्या दणदणाटात बुडून जातो.

हे ओळखायला महागडी यंत्रे लागत नाहीत. सवाई गंधर्व महोत्सवाला जाणाऱ्या पुणेकरांचे कान यासाठी पुरेसे तयार आहेत. ओळखीच्या गायकाचे चांगले ध्वनिमुद्रण लावावे. तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकारता नाद) झंकारताना ऐकू येते की नुसती घुमते, तबल्यातील बायाची घुमणारी गमक दायाच्या किनारीच्या टणक आवाजावर चढून बसते का, आणि द्रुत लयीत बोल सुटे राहतात की एकमेकांत कालवले जातात, एवढे लक्षपूर्वक ऐकले तरी बेस किती फुगवला आहे याचा उलगडा होतो. जवारी जिथे मावळते, तिथे पावलांचा खरखरीत तपशीलही बहुधा मावळलेला असतो.

‘७.१’ विषयी स्पष्ट लिहिण्याची तर फारच गरज आहे. या किमतीच्या हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला सामान्यतः एकच ड्रायव्हर असतो. पुढून-मागून आवाज येण्याचा भास संगणकीय प्रक्रियेने निर्माण केला जातो. ती प्रक्रिया वाईटच असते असे नाही. मात्र काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट यांसारख्या नेमबाजीच्या खेळांत अशी सोय मुळातच अंतर्भूत आहे, आणि तिच्यावर हेडसेटची प्रक्रिया पुन्हा चढवली की दिशा अधिक स्पष्ट होण्याऐवजी गढूळ होते. साधा स्टीरिओ तिथे बरा.

माईकबद्दल एवढेच, की त्याची परीक्षा पंखा चालू ठेवून घ्यावी.

विसर्जन मिरवणुकीतील आवाजाच्या भिंतींवर आम्ही पुणेकर दरवर्षी आपणांस पत्रे लिहितो; कानाला चिकटलेल्या आवाजाबद्दल मात्र सहसा लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबलचा आवाज तितकेच तास, ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. फुगवलेल्या बेसखाली पावले ऐकू येईनात, की मुले आवाज वाढवतात. म्हणून कमी आवाजातही तपशील टिकतो का, ही कसोटी चैनीची नाही.

तपकीर गल्लीतील असोत वा उपनगरांतील, दुकानदारांनी प्रत्येक प्रकारचा एक नग उघडून ठेवावा आणि गिऱ्हाइकाला तो पंधरा-वीस मिनिटे घालून बसू द्यावे. आपल्या वृत्तपत्रानेही अशा लेखांसोबत प्रत्यक्ष वजन, इअरकपची आतील मापे, सुट्या कुशनची किंमत आणि चष्मा लावून सलग दोन तास वापरल्याचा अनुभव छापावा, तसेच पावसाळा उलटल्यावर त्याच नगाची काय अवस्था झाली हे चार ओळींत कळवावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे