मांडीवरचं मूलसुद्धा मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची पाच जणं अंदमानला जाऊन आलो, मी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं, नात नऊ वर्षांची आणि नातू अडीच वर्षांचा. फिरून आल्याचं पत्र पेपरात कशाला असं कोणालाही वाटेल, पण तिथे जेट्टीवर बोटीत लहान मुलं बसवण्याबद्दल एक वाक्य कानावर पडलं आणि तेव्हापासून मला राहवत नाहीये, बडोद्यातल्या प्रत्येक आईबापाने आणि शाळेतल्या प्रत्येक बाईंनी ते ऐकावं असं वाटतंय म्हणून लिहायला बसलेय. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता रिटायर आहे, दांडिया बाजारात राहते.

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी बघितलं. मराठी माणूस पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालंय) उतरला की आधी तिथेच जातो, शेकडो कोठड्या, त्यातल्या सावरकरांच्या कोठडीपुढे उभं राहिल्यावर बोलायला शब्दच राहत नाहीत. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

दुसऱ्या दिवशी बोटीची दिवसभराची ट्रिप होती, जवळची दोन बेटं, रॉस आणि नॉर्थ बे. सकाळी थेपले आणि लिला चिवडा पिशवीत भरून जेट्टीवर पोचलो तर तिथे ही गर्दी. आमच्या बोटीपाशी एक माणूस उभा होता, साधाच, डोक्यावर टोपी, हातात पुठ्ठ्याला लावलेली यादी. यादीत आमची नावं आणि वयं आधीच लिहिलेली. एकेक जण आत गेला की तो पेनाचं टोक त्याच्या खांद्याला लावायचा आणि मोठ्याने आकडा म्हणायचा. नातू सुनेच्या कडेवर झोपेला आलेला, त्याच्याही पाठीला पेन लावून त्याने आकडा म्हटला तेव्हा मला गंमत वाटली, म्हटलं याला कशाला मोजतोय.

मग शेवटी एक कुटुंब आलं, नवरा बायको आणि वर्षा दीड वर्षाची मुलगी, बोलण्यावरून आपल्या गुजरातचेच. बोटीत दोनच जागा उरलेल्या. त्या बाई अगदी सहज म्हणाल्या, जसं आपण सगळेच म्हणतो तसं, की अहो ती माझ्या मांडीवर बसेल, तिला कुठे सीट लागते. तो माणूस म्हणाला, "मॅडम, गोद का बच्चा भी सवारी है।"

एवढंच. आवाज चढवला नाही की काही नाही. तिच्या नवऱ्याने बरीच हुज्जत घातली, पैसे भरलेत, बुकिंग आहे, फ्लाईट पकडायचीय वगैरे, बोटीतली माणसंसुद्धा म्हणायला लागली की घ्या हो भैया, एवढंसं पोर आहे, आणि मी खरं सांगते, मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते. तो हलला नाही. ते तिघं पुढच्या बोटीची वाट बघत जेट्टीवर थांबले आणि आमची बोट दोन जागा रिकाम्या ठेवून निघायला तयार झाली.

तरी निघाली नाहीच, कारण लाईफ जॅकेट. प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, तिन्ही पट्टे लावलेले. माझ्या नातीला आधी मोठ्यांचं जॅकेट दिलेलं होतं, त्या माणसाने काय केलं की जॅकेट दोन्ही खांद्यांवर धरून वर ओढलं, तर ते सरकून तिच्या कानापर्यंत गेलं आणि तोंड आतच. म्हणाला हे हिला नाही चालणार, पाण्यात पडली तर जॅकेट वर तरंगेल आणि पोरगी खाली राहील. मग आतून लहान मापाचं आणलं, नातवाला त्याहून छोटं, दोन पायांमधून पट्टा घेऊन पुढे अडकवायचं असलेलं. नातू रडून रडून लाल झाला पण ते काढलं नाही. पलीकडे एक गृहस्थ होते, फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून जॅकेट मांडीवर घेऊन बसलेले, त्यांनी ते घालेपर्यंत इंजिन चालू झालं नाही. पाचेक मिनिटं सगळी बोट त्यांच्याकडे बघत बसलेली, शेवटी घातलं त्यांनी.

मी त्याला विचारलं की एवढं कडक नेहमीच असतं का. तो म्हणाला २०१४ पासून. २६ जानेवारी २०१४ ला याच पाण्यात, रॉस आणि नॉर्थ बेच्या मध्ये, टुरिस्टांची बोट उलटली होती, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली, २० हून अधिक जीव गेले, बरेचसे तमिळनाडूहून फिरायला आलेले होते. सुट्टी होती, आमच्यासारखीच सहकुटुंब आलेली माणसं असणार. हे ऐकल्यावर मी मागे जेट्टीकडे वळून बघितलं, ती दीड वर्षाची मुलगी बापाच्या खांद्यावरून हात हलवत होती.

रॉस बेट मात्र प्रत्येकाने बघावं. दहा पंधरा मिनिटांत बोट पोचते. १८५८ पासून ऐंशीएक वर्षं इंग्रजांनी अंदमानचा सगळा कारभार या चिमुकल्या बेटावरून चालवला, कैद्यांकडून जंगल तोडून घेऊन तिथे बंगले, चर्च, बेकरी, नाचाचा हॉल असं सगळं उभं केलं, मग १९४१ चा भूकंप, मग १९४२ मध्ये जपानी आले, आणि आता काय आहे तर भिंती उभ्या आहेत आणि त्यांना वडासारख्या झाडांच्या मुळ्यांनी असं कवटाळलंय की विटा कुठे संपतात आणि मूळ कुठे सुरू होतं कळत नाही. छप्पर कुठेच नाही. खिडकीच्या चौकटीतून समुद्र दिसतो. हरणं अगदी जवळ येतात, नातीने हातातला थेपला पुढे केला तेव्हा मी तो काढून घेतला कारण जनावरांना आपलं तेलकट खाणं देऊ नये, ती रुसली. २०१८ मध्ये बेटाला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असं नाव दिलंय, पण बोटवाले अजून रॉसच म्हणतात.

नॉर्थ बेला मी भांडले. जुन्या लालसर २० च्या नोटेवर मागच्या बाजूला जे नारळीचं बेट आणि दीपगृह होतं ते इथलंच, नोट आता फारशी बघायला मिळत नाही पण नातीला मोबाईलवर दाखवली तर तिला फार आनंद झाला. इथे प्रवाळ बघायला काचेच्या तळाची छोटी बोट असते. ती चालवणारे वेगळे लोक होते. त्यांच्याकडे लहान मुलांचं जॅकेट नव्हतंच, म्हणाले उथळ पाणी आहे माताजी, पकडके बैठो. मी नातवंडांना बसू दिलं नाही. मुलगा वैतागला, आई पैसे परत मिळणार नाहीत, सून गप्प, नात रडतेय, सगळी मजा माझ्यामुळे गेली असं वातावरण. सकाळी त्या माणसाने ते वाक्य बोललं नसतं तर मीसुद्धा नातवाला मांडीवर घेऊन बसले असते, हे मला पक्कं माहीत आहे. आम्ही काठावरच खेळलो, मुलांनी शंख बघितले आणि होते तिथेच ठेवले, कारण प्रवाळ आणि शंख तिथून उचलून आणता येत नाहीत.

आता बडोद्याचं.

मी नोकरीला नवीन होते तेव्हा चौथीचा वर्ग घेऊन सूरसागर तलावावर गेले होते. तेव्हा तिथे बोटिंग चालायचं. बाकांवर दोन दोन बसवल्यावर काही मुलं उरली तर बोटवाला म्हणाला, बेन, नानां छोकरां छे, बेसी जशे (लहान मुलं आहेत, बसतील). मी बसवली. तीन तीन. परत आलो, सगळं नीट झालं, मुलं खूश, मी पालकांना सांगितलं की ट्रिप छान झाली. बसमध्ये चढताना उतरताना मी मुलं मोजायची, दोनदा मोजायची, त्याचा मला अभिमान होता, पण बोट किती जणांची आहे हे मी विचारलंच नाही, माझ्या डोक्यातच आलं नाही. १९९३ मध्ये त्याच सूरसागरात बोट उलटून २२ जणं गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझी चौथीची मुलं डोळ्यांसमोर येत होती, एकेका बाकावर तीन तीन.

आणि मग १८ जानेवारी २०२४, हरणीचा तलाव. शाळेची पिकनिक, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं, सगळ्यांच्या अंगात जॅकेट नाही. बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. ज्यांच्या घरातलं लेकरू गेलं त्यांच्याबद्दल मी काय लिहिणार, लिहायला हात धजत नाही. कोर्टाचं काम कोर्ट करेल. मला फक्त एक विचारायचंय. मधल्या तीस वर्षांत बडोद्यात बोटीच्या काठावर यादी घेऊन उभा राहून "मांडीवरचं मूलही सवारी आहे" म्हणणारा माणूस आपण का नाही नेमला? अंदमानने एका अपघातानंतर नेमला, मी त्याला डोळ्यांनी बघून आले. आपल्याकडे दोन झाले.

हे फक्त बोटीपुरतं नाहीये, आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. लहान मूल म्हणजे अर्धी जागा, ही आपली सवय आहे. रिक्षात, शाळेच्या व्हॅनमध्ये, एसटीत, पावागडच्या रस्त्यावर जीपमध्ये, सगळीकडे आपण म्हणतो लहान आहे, सरकून बसा. जमिनीवर ते चालून जातं, निदान चालून जातंय असं वाटतं. पाण्यात बोटीला वय कळत नाही, तिला वजन कळतं आणि कोण कुठल्या बाजूला पळालं ते कळतं. मुलं तर डॉल्फिन दिसला, मासा दिसला की सगळी एका अंगाला धावणारच, ती मुलं आहेत. म्हणून लहान मुलांची बोट उलट कमी भरायला पाहिजे, आपण जास्त भरतो.

हरणीनंतर बरेच पालक म्हणतात की पिकनिकच नको, पाणीच नको. मला ते पटत नाही. रॉसहून परत येताना नातीने जो समुद्र बघितला, काठाला हिरवा आणि पुढे जाऊन एकदम शाईसारखा, तो तिने बघायलाच हवा होता. मुलांना पाण्यापासून तोडून काय मिळणार, उद्या ती कॉलेजची झाली की आपली आपण जातीलच, तेव्हा तर आपण बरोबर नसू.

माझं मागणं मोठं नाही. आपल्या शहरात आणि आसपास जिथे कुठे माणसांना बोटीत बसवतात तिथे त्या बोटीच्या अंगावरच, बाहेरून, हाताएवढ्या अक्षरांत गुजरातीत आकडा रंगवा की ही बोट इतक्या जणांची. कागदावर परवाना ऑफिसात असतो, तो आईला दिसत नाही. काठावर लहान मापाची जॅकेटं असल्याशिवाय शाळेच्या ट्रिपला परवानगीच देऊ नका. आणि ज्या ट्रॅव्हलवाल्यांकडून आपण गोवा, मालवण, अंदमान, द्वारका अशी पॅकेजं घेतो त्यांनी व्हाऊचरवर हॉटेलात एसी आहे, नाश्ता आहे हे लिहितात तसंच मुलांचं जॅकेट मिळेल की नाही हेही लिहावं, आणि आपण बुकिंग करताना विचारावं. मी आमच्या माणसाला आल्यावर विचारलं, तो म्हणाला काकी, आजपर्यंत कोणी विचारलंच नाही.

आणखी एक, पोहणं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या शहरात चौथी पाचवीच्या मुलाला पाण्यात दोन मिनिटं तरंगत राहता येत नाही हे मला बरं वाटत नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत, नदीत पोहायला कोणी मुलाला पाठवणार नाही आणि पाठवू पण नये, म्हणजे शिकायचं ते तरणतलावातच. महापालिकेचे तलाव आहेत. शाळांच्या तासाला आठवड्यातून एक दिवस ते मुलांना मिळावेत. पोहता येतं म्हणून जॅकेट नको असं मात्र नाही, त्या दिवशी आमच्या बोटीचा चालवणारा स्वतः समुद्राकाठी वाढलेला, आणि त्याच्याही अंगात जॅकेट होतं.

डिसेंबर जानेवारीत शाळांच्या पिकनिका सुरू होतात, तेव्हा शक्य झालं तर हे पत्र त्याआधी छापावं ही विनंती. शाळेतल्या बाईंना एवढंच सांगते की बसमध्ये मोजता तशी बोटीत चढतानाही मुलं स्वतः मोजा, आकडा बोटीच्या आकड्याशी जुळवा, आणि बोटवाला बेसी जशे म्हणाला तर मुलांना घेऊन काठावर बसा, मुलं रडतील, हेडबाई ओरडतील, तरी बसा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदा