कपाटातले कॅमेरे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. शाळेच्या कपाटात खिशात मावणारे सहा जुने व्हिडिओ कॅमेरे सापडलेत आणि ते भंगारात काढायचं चाललंय, हे वाचून राहवेना. लगेच लिहायला बसलो. काढू नकोस! निदान हे पत्र वाचून होईपर्यंत थांब.

मागच्या बाजूला मोठं लाल बटण आणि कडेने बाहेर येणारा यूएसबीचा दांडा, म्हणजे ते फ्लिप नावाचेच कॅमेरे. सिस्को या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये ते बनवणारी कंपनी घेतली आणि २०११ मध्ये हे कॅमेरे बंदही केले. तोवर मोबाइलवर चांगलं चित्रण होऊ लागलं होतं. पण वर्गाचा हिशेब वेगळा असतो, हे तुला मी काय सांगावं! मोबाइल हातात आला की मुलाला दहा वाटा फुटतात. या डबीला एकच काम येतं. बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. सात वर्षांच्या मुलांना हे शिकवायला मला मिनिटभरही लागलं नव्हतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. वाचायची भराभर, पण प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द गिळायची. मी वर्षभर सांगत होतो, "बाळ, शेवटपर्यंत वाच." ती मान हलवायची आणि पुन्हा तेच. एके दिवशी कॅमेरा तिच्याच हातात दिला आणि म्हटलं, कोपऱ्यात जा, धडा वाच, स्वतः ऐक. दीड इंचाच्या त्या पडद्याला कान लावून ती बसली. मग उठून आली आणि म्हणाली, "सर, 'होता' ऐकूच येत नाही." परत गेली. चार वेळा रेकॉर्ड केलं, तीन वेळा पुसलं. चौथं मला दाखवायला आणलं, तेव्हा प्रत्येक 'होता' ठणठणीत होता. मी काहीच केलं नव्हतं रे. चूक तिची तिला ऐकू आली, एवढंच. आणि पुसायचं बटण तिच्या हातात होतं, हेही तितकंच महत्त्वाचं.

थोरल्या मुलांसाठी विज्ञानाचा एक प्रयोग करून बघ. भिंतीला मीटरपट्टी उभी चिकटव, तिच्यासमोरून चेंडू सोड आणि कॅमेरा स्टुलावर पक्का ठेवून चित्रण कर. हा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो. संगणकावर एकेक चित्र पुढे सरकवत मुलांना मोजू दे. ५ चित्रांत चेंडू साधारण १४ सेंटिमीटर खाली येतो आणि १० चित्रांत ५४. वेळ दुप्पट, अंतर जवळजवळ चौपट! आमच्याकडे एका मुलाने तीनदा मोजलं, कारण त्याचा विश्वासच बसेना. फळ्यावर सूत्र लिहून मला तो चेहरा कधी बघायला मिळाला नव्हता.

आता माझ्या चुका. पहिल्याच वर्षी मुलांचं नाटक मागच्या बाकावरून घेतलं. पात्रांमागे खिडकी. चेहरे काळे ठिक्कर आणि संवादांपेक्षा पंख्याचाच आवाज मोठा. मुलं फार हिरमुसली. याचा माइक साधा आहे, त्यामुळे बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावरच कॅमेरा हवा आणि खिडकी नेहमी चित्रण करणाऱ्याच्या पाठीशी. झूमच्या नादी लागू देऊ नकोस, चित्र नुसतं फाटतं. दोन पावलं पुढे जायला सांग.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची आहे. एका मुलाच्या अडखळत्या भाषणाची क्लिप कौतुक म्हणून मी सगळ्या पालकांना दाखवली. त्याला विचारलं नव्हतं. तो दोन आठवडे वर्गात बोलला नाही. अजून ते आठवलं की पोटात कालवतं. तेव्हापासून आमचा नियम आहे, ज्याची क्लिप त्याची मालकी. वर्गाबाहेर जायची तर पालकांची लेखी संमती हवी आणि मुलाचा होकारही. तू पहिल्या दिवसापासूनच हे पाळ.

सेल आधी बाहेर काढ. इतकी वर्षं आत राहिले असतील तर पाझरून पांढरी भुकटी जमलेली असेल. हातमोजे घाल, कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून टोकं पूस, पूर्ण वाळू दे आणि मगच नवे एए सेल घाल. काही फ्लिपमध्ये बॅटरी आतच असते; ती फुगलेली दिसली तर त्या कॅमेऱ्याला हात लावू नकोस. सोबतचं जुनं सॉफ्टवेअर चाललं नाही तरी बिघडत नाही. संगणकाला जोडलास की पेनड्राइव्हसारखा फोल्डर उघडेल, त्यातून फाइली सरळ उचल. व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरवर त्या चालतात.

सहापैकी किती सुरू झाले ते कळव. दोन झाले तरी चालतील, एक वाचणाऱ्यांसाठी आणि एक चेंडूसाठी. आणि शेवटच्या बाकावरच्या ज्या अबोल मुलाबद्दल तू लिहिलं आहेस, पहिला कॅमेरा त्याच्या हातात दे. काय टिपून आणतो ते मला सविस्तर लिही.

तुझाच,
जुना बाकसोबती