रिव्ह्यूला आलेला हायपरकॉलचा पॅच: लेकीस पत्र

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

हायपरकॉल हाताळणीतल्या दुरुस्त्या पहिल्यांदाच तुझ्याकडे रिव्ह्यूला आल्या आहेत. हायपरकॉल म्हणजे गेस्टने, व्हर्च्युअल मशीनमधल्या सिस्टीमने, होस्टकडे, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्या सिस्टीमकडे, केलेली मागणी. चार-पाच ओळींच्या पॅचमध्ये एवढं पाहायचं तरी काय, असं तू विचारलंस. पाहायचं ते बहुतेक वेळा त्या ओळींच्या वर-खाली असतं. डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, वाचून झाला की तो बाजूला ठेव आणि पॅच लावलेलं पूर्ण फंक्शन पहिल्या ओळीपासून वाच. वाचताना मनात एकच प्रश्न धर: ही व्हॅल्यू गेस्टच्या हातातून कधी सुटली?

लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायजरमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्स८६ प्रोसेसरवर हायपरकॉलचा नंबर आरएएक्स या रजिस्टरमध्ये येतो, चार आर्ग्युमेंट आरबीएक्स, आरसीएक्स, आरडीएक्स आणि आरएसआयमध्ये येतात आणि उत्तर पुन्हा आरएएक्समध्येच जातं. हे सगळे आकडे गेस्टच्या कर्नलने ठरवलेले असतात, आणि तो कर्नल शत्रूच्या ताब्यात आहे असं धरूनच वाचायचं. "लिनक्सचा गेस्ट असं कधी पाठवणार नाही" हे वाक्य कमिट मेसेजमध्ये दिसलं, तर पॅच तिथेच थांबव.

आता एक उदाहरण बारकाईने बघ. केव्हीएमचा १० नंबरचा हायपरकॉल एकाच फेरीत अनेक व्हीसीपीयूंना (गेस्टच्या आभासी प्रोसेसरना) आयपीआय, म्हणजे एका प्रोसेसरने दुसऱ्याला दिलेला इंटरप्ट, पाठवतो. आरबीएक्स आणि आरसीएक्स मिळून एक बिटमॅप (कुणाकुणाला पाठवायचं ते दाखवणारी बिटांची रांग) होतो, आरडीएक्समध्ये सर्वांत लहान एपिक आयडी, म्हणजे व्हीसीपीयूच्या इंटरप्ट कंट्रोलरचा क्रमांक, असतो (कोडमध्ये त्याचं नाव मिन) आणि आरएसआयमध्ये आयसीआर, म्हणजे कोणता इंटरप्ट कसा पाठवायचा ते. ६४ बिट मोडमध्ये एका कॉलमध्ये १२८ जणांना आयपीआय जाऊ शकतो. होस्ट बिटमॅपमधला प्रत्येक चढलेला (एक असलेला) बिट घेतो, त्याचा क्रमांक मिनमध्ये मिळवतो आणि त्या इंडेक्सवर फिज-मॅप नावाच्या ॲरेतून एपिकचा पॉइंटर उचलतो. २०१८ मध्ये हा कोड आला तेव्हा मिन तपासलाच जात नव्हता. गेस्टने आरडीएक्समध्ये बत्तीसही बिट एक करून कॉल केला, की होस्टचा कर्नल ॲरेच्या बाहेर जाऊन वाचायचा. ही चूक स्टॅटिक चेकरच्या (कोड न चालवता तपासणाऱ्या टूलच्या) इशाऱ्यातून उघड झाली.

यावर सुचणारी सरळ दुरुस्ती म्हणजे मिन जर मॅक्स एपिक आयडीपेक्षा (ॲरेतल्या शेवटच्या इंडेक्सपेक्षा, पुढे नुसता मॅक्स) मोठा असेल तर परत फिरायचं. ती एक ओळ पाहून मान डोलवू नकोस, कारण तेवढ्याने भागत नाही. मिन हद्दीत असला तरी मिन अधिक बिटचा क्रमांक हद्दीबाहेर जाऊ शकतो, म्हणून लूपची मर्यादाही उरलेल्या जागांइतकीच ठेवावी लागते: मॅक्स वजा मिन अधिक एक. बिटमॅपचा खालचा अर्धा भाग संपला की मिनमध्ये पूर्ण ६४ मिळवून वरचा अर्धा सुरू होतो, तिथे हाच चेक पुन्हा हवा. शिवाय केव्हीएम मॅक्स एपिक आयडी निदान २५५ धरतो, म्हणजे चार व्हीसीपीयूच्या मशीनमध्येही ॲरेत २५६ जागा असतात आणि त्यातल्या बहुतेक रिकाम्या. इंडेक्स हद्दीत असूनही हाती नल (कुठेच न नेणारा) पॉइंटर येतो. तोही तपासला नाही, तर हद्दीबाहेरचं वाचन गेलं आणि त्या जागी होस्टचा क्रॅश आला, एवढाच फरक पडेल. २०१८ च्या दुरुस्तीत नलचा चेक होता, याचं कारण लिहिणाऱ्याने ॲरे भरतो कसा तेही वाचलं होतं. तूही तेच कर: इंडेक्स कुठे वापरला आहे ते पाहिल्यावर ॲरे कुठे तयार होतो आणि कुठे भरतो ते उघडून बघ.

एवढं करूनही एक गोष्ट राहिली होती, आणि तिची दुरुस्ती २०२५ मध्ये आली. चेक बरोबर असला तरी प्रोसेसर त्याचा निकाल लागायची वाट न पाहता पुढची वाचनं अंदाजाने करून टाकतो. ती नंतर रद्द होतात, पण कॅशेत खूण उरते आणि तिच्यावरून होस्टची माहिती काढता येते. म्हणून गेस्टकडून आलेला इंडेक्स हद्द तपासल्यानंतर नोस्पेकच्या (अंदाजाच्या वाचनातही इंडेक्स हद्दीत ठेवणाऱ्या) मॅक्रोतून काढून घ्यायचा. तुझ्याकडे आलेल्या पॅचमालिकेतला तिसरा पॅच याच जातीचा आहे, म्हणून इथे विशेष लक्ष दे. या मॅक्रोचं दुसरं आर्ग्युमेंट ॲरेचा आकार असतं, शेवटचा इंडेक्स नव्हे. इंडेक्स आकारापेक्षा लहान असेल तर तसाच मिळतो, नाहीतर शून्य होतो. कुणी तिथे मॅक्स एपिक आयडी अधिक एक लिहायच्या ऐवजी नुसता मॅक्स एपिक आयडी लिहिला, तर शेवटच्या आयडीचा इंटरप्ट गुपचूप शून्य नंबरच्या व्हीसीपीयूला जाईल. क्रॅश नाही, लॉगमध्ये ओळ नाही. गेस्ट मात्र अधूनमधून अडकून बसेल आणि शोधणाऱ्याचे आठवडे जातील.

झेन या दुसऱ्या हायपरव्हायजरमधलं एक प्रकरण मला प्रत्येक रिव्ह्यूआधी आठवावंसं वाटतं, कारण त्यात दुरुस्तीच अपुरी निघाली. मेमरी अदलाबदलीच्या हायपरकॉलमधलं भोक २०१२ मध्ये झेनच्या एक्सएसए-२९ या सुरक्षा सूचनेने बुजवलं. त्यात गेस्टने दिलेल्या ॲरेचा पत्ता तपासणारा चेक घातला होता. ६४ बिटवर तो चेक ॲरेची सुरुवात गेस्टच्या हद्दीत आहे का एवढंच पाहतो आणि पुढचं वाचन सुरुवातीपासून ओळीने होईल असं गृहीत धरतो: ओळीने गेलात तर हायपरव्हायजरच्या मेमरीपर्यंत पोचायच्या आधीच अवैध पत्त्यांचा पट्टा लागतो आणि फॉल्ट येतो. पण हा हायपरकॉल लांबलचक असल्यामुळे मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, आणि किती काम झालं तो आकडा गेस्टच्याच स्ट्रक्चरमध्ये ठेवलेला असतो. गेस्टने पहिल्याच कॉलमध्ये तिथे प्रचंड मोठा आकडा लिहून ठेवला, की वाचन-लेखन मधला पट्टा ओलांडून थेट हायपरव्हायजरच्या मेमरीत. २०१७ मध्ये एक्सएसए-२१२ निघाली तेव्हा तो चेक काढून ॲरेचा नेमका वापरला जाणारा तुकडा तपासणारा चेक घातला. त्या दुरुस्तीच्या कमिट मेसेजमध्ये एक फार चांगली गोष्ट आहे: तोच जुना चेक इतर ठिकाणी का चालतो, तेही लिहिलं आहे. एका जागी आकाराचं फील्ड १६ बिटचंच आहे, दुसरीकडे नोंदींवर १०२४ ची मर्यादा आहे. तुझ्यासमोरच्या पॅचमध्ये असं काही लिहिलेलं नसेल तर लेखकाकडे मागायला संकोचू नकोस. चूक एका जागी सापडली म्हणजे तोच नमुना आणखी दोन ठिकाणी कॉपी झालेला असण्याची शक्यता मोठी. गिट ग्रेप (पूर्ण कोडमधला शोध) चालवायला मिनिटही लागत नाही.

रजिस्टरचं एक बरं असतं, एक्झिट झाल्यावर, म्हणजे ताबा गेस्टकडून होस्टकडे आल्यावर, तो व्हीसीपीयू थांबलेला असतो, त्यामुळे त्याच्या व्हॅल्यू जागच्या हलत नाहीत. मेमरीचं तसं नाही. आर्ग्युमेंट गेस्टच्या मेमरीत असतील तर शेजारचा व्हीसीपीयू चालूच असतो आणि तुझ्या दोन ओळींच्या मध्ये तो आकडा बदलू शकतो. म्हणून नियम असा: एकदाच वाचायचं, स्वतःच्या लोकल कॉपीत घ्यायचं, कॉपी तपासायची आणि कॉपीच वापरायची. चेकनंतर पुन्हा गेस्टच्या पॉइंटरमधून वाचलेलं दिसलं, तर तो चेक नसल्यासारखाच आहे. मेमरी थेट शेअर केलेली असेल, तर कोडमध्ये एकच वाचन दिसत असूनही कंपायलर दोन करू शकतो. २०१५ च्या एक्सएसए-१५५ मध्ये नेमकं हेच घडलं होतं. तिथे एकदाच वाचायला लावणारा रीड-वन्स मॅक्रो लागतोच.

परवानगीचा चेक सगळ्यांच्या आधी आहे ना ते बघ. २००९ पर्यंत केव्हीएममध्ये गेस्टचा साधा युजर प्रोग्रामही हायपरकॉल करू शकत होता. आता कॉल रिंग शून्यातून, म्हणजे कर्नलच्या पातळीवरून, आलेला नसेल तर ईपर्म (परवानगी नाही) हा एरर परत जातो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या पद्धतीच्या हायपरकॉलना त्याच परिस्थितीत यूडी (अवैध इन्स्ट्रक्शन) एक्सेप्शन द्यावं लागतं. एकीकडचा चेक दुसरीकडे तसाच चिकटवलेला पॅच म्हणूनच चुकीचा ठरतो. गेस्ट ६४ बिट मोडमध्ये नसेल तर नंबर आणि आर्ग्युमेंट आधी ३२ बिटपर्यंत छाटायचे असतात. कुणी चेक छाटणीच्या वर नेऊन ठेवला, तर तपासली एक व्हॅल्यू आणि वापरली दुसरीच, असं होतं.

बेरजेकडे मी नेहमी संशयानेच बघते. १२ नंबरचा हायपरकॉल गेस्टच्या पानांची रेंज घेतो. तिथे पत्ता ४०९६ च्या पटीत आहे का, पानांची संख्या शून्य तर नाही ना, आणि पहिलं पान अधिक संख्या ही बेरीज उलटून लहान तर झाली नाही ना, हे तिन्ही पाहिलं जातं. बेरीज पहिल्या पानाच्या नंबरापेक्षा मोठी नसेल तर एररच. "बेरीज मर्यादेपेक्षा लहान आहे" एवढाच चेक दिसला, तर ओव्हरफ्लो झालेली बेरीज त्यातून खुशाल निसटते.

हाच कॉल युजरस्पेसकडे (होस्टवर व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे) जातो, अर्थात युजरस्पेसने ते आधी मागून घेतलेलं असलं तरच. अशा वेळी उत्तर लिहिणं आणि आरआयपी (पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) पुढे नेणं ही दोन्ही कामं परतीच्या कॉलबॅकमध्ये व्हायला हवीत. हायपरकॉल करणाऱ्या व्हीएमकॉल (इंटेल) आणि व्हीएमएमकॉल (एएमडी) दोन्ही तीन बाइटच्या इन्स्ट्रक्शन आहेत. आरआयपी दोनदा पुढे गेला तर गेस्टची पुढची इन्स्ट्रक्शन गिळली जाते, एकदाही गेला नाही तर तोच हायपरकॉल अखंड चालू राहतो. पॅचने नवा रिटर्न मध्ये घातला असेल तर त्या वाटेने जाऊन बोटाने मोज: उत्तर किती वेळा लिहिलं, आरआयपी किती वेळा हलला, आरसीयूचं (वाचत असताना ॲरे जागेवर ठेवणारं) लॉक सोडलं का. संरक्षित गेस्टच्या बाबतीत होस्टला गेस्टचा मोड वाचताच येत नाही, म्हणून परतीच्या वाटेवरही मोड विचारणारं नेहमीचं फंक्शन न वापरता हायपरकॉलसाठीचं वेगळं फंक्शनच वापरायचं.

एरर कोड बदलणारा पॅच दिसायला निरुपद्रवी असतो. पण अनोळखी नंबरला केव्हीएम उणे १००० देतो आणि बाहेर कित्येक जुने गेस्ट त्या आकड्यावर विसंबून आहेत. तो करार मोडायचा नाही.

चाचणीशिवाय रिव्ह्यूड-बाय (तपासल्याची सही) देऊ नकोस. आधी पॅच न लावलेल्या कर्नलवर, कासान (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) चालू ठेवून, चूक घडवून दाखवणारा छोटा गेस्ट चालव. आधी पडलंच नाही, तर नंतर पास झाल्याने काहीच कळत नाही. मग पॅच लावून सीमेवरच्या व्हॅल्यू दे: मिन शून्य, मॅक्स वजा एक, मॅक्स, मॅक्स अधिक एक आणि सर्व बिट एक. बिटमॅपचे दोन्ही अर्धे वेगवेगळे भर. विरळ एपिक आयडी असलेलं मशीन घे. इंटेल आणि एएमडी दोन्हीवर चालव, कारण एक्झिटची वाट दोन्हीकडे वेगळी आहे. फिक्सेस टॅगमधला, म्हणजे चूक आणणाऱ्या कमिटचा, हॅश निदान बारा अक्षरांचा आहे का आणि चूक खरोखर त्याच कमिटने आणली का, तेही गिट ब्लेमने पडताळ. तो चुकला तर जुन्या स्टेबल शाखांपर्यंत दुरुस्ती पोचतच नाही.

आणि शेरा लिहिताना "हद्द पुन्हा तपासा" असं मोघम लिहू नकोस. व्हॅल्यू दे: "मिन २५५, मॅक्स २५५, बिटमॅपचा शून्य नंबरचा बिट चढलेला. इथे इंडेक्स शून्य मिळतो, २५५ मिळायला हवा." लेखकाला तेवढ्यात कळेल. तिसऱ्या पॅचमधला तो अधिक एक आजच बघून घे आणि काय सापडलं ते मला कळव.

तुझी,
आई