जमा रक्कम म्हणजे विक्री नव्हे

संपादक महोदय,

गोव्यातल्या पर्वरी-वेर्णा भागातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या क्लाउड मार्केटप्लेसवरून (सॉफ्टवेअर विकण्याच्या ऑनलाइन बाजारातून) विक्री करतात आणि बँकेत जमा झालेली रक्कमच उलाढाल म्हणून दाखवतात. घोळ इथेच. ग्राहकाने १,००,००० रुपये मोजले, मार्केटप्लेसने समजा ३,००० कमिशन कापले, तरी विक्री लाखाचीच. कमिशन हा वेगळा खर्च.

मार्केटप्लेस चालवणाऱ्या ऑपरेटरने कापलेला ०.१ टक्का टीडीएस २६एएसमध्ये (आयकर खात्याच्या वार्षिक करविवरणात) आपोआप दिसतो. जीएसटीचा ०.५ टक्का टीसीएस (ऑपरेटरने विक्रेत्याकडून गोळा केलेला कर) मात्र जीएसटी पोर्टलवर स्वतः स्वीकारल्याशिवाय कॅश लेजरमध्ये, म्हणजे कर भरण्यासाठीच्या आपल्या खात्यात, येत नाही, आणि नेमका तोच विसरला जातो. परदेशी ग्राहक असल्यास एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र) दर आर्थिक वर्षी नव्याने सादर करावे. परकीय चलन मिळाल्याचा दाखला बँकेकडून लगेच मागून घ्यावा.

– एक करसल्लागार, पर्वरी