मळवलीची लक्ष्मी

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्री

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात जुन्या बाजारातून जाहिरातीचं एक जुनं चित्र आणलं. कमळावर उभी लक्ष्मी, शेजारी हत्ती, आणि पायाशी इथल्याच कुणा अत्तरवाल्याची जाहिरात. दुकानाचं नाव पुसलं गेलंय; 'पूना सिटी' आणि 'बाटली चार आणे' एवढं शाबूत आहे. विकणारे काका म्हणाले, "जर्मन माल आहे, साहेब." ते काही डोक्यातून जाईना.

घरी येऊन भिंगाखाली धरलं. आजच्या छपाईत ठिपके रांगेत बसतात. इथे ते वाळूसारखे विखुरलेत, कुठे दाट, कुठे विरळ. म्हणजे शिळाछाप, दगडावरून केलेली छपाई. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि दर वेळी कागद नेमका त्याच जागी बसवायचा. लक्ष्मीच्या एका बांगडीशी लाल रंग केसभर बाहेर सरकलाय. कागद लावणाऱ्याचा हात तेवढा हलला असणार. त्या एका रेघेकडे मी किती वेळ बघत बसलो होतो!

मग चित्र पालथं घातलं. मजकुराच्या मागून बोट फिरवलं की अक्षरं उठलेली लागतात, चित्रामागे मात्र कागद सपाट. दोन वेगळ्या छपाया! देवीचं चित्र तयार आलं, आणि दुकानदाराने खालच्या कोऱ्या पट्टीवर खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून आपली जाहिरात छापून घेतली. तीही बहुधा १९५७ च्या आधी, कारण त्या एप्रिलपासून आण्यांच्या जागी नवे पैसे आले.

चित्र आलं कुठून? खालच्या फाटक्या काठावर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत, लोणावळ्याच्या स्पेलिंगमधली शेवटची चार. सुधीर, अंगावर काटा आला. राजा रविवर्म्याचा छापखाना! १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला. तो तोट्यात गेल्यावर रविवर्म्याने आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकला. श्लायशरने देवादिकांबरोबर लेबलं आणि जाहिरातीही छापल्या. म्हणजे काका अगदीच चुकले नव्हते. मालक जर्मन खरा, पण कागदावर शाई चढली ती आपल्या लोणावळा लोकलच्या वाटेवर.

परवा मळवलीला जाऊन आलो. छापखाना १९७२ च्या आगीत गेला. लोहगडाला जाताना आपण त्या स्टेशनवर कितीदा उतरलो रे, आणि घरोघरच्या देव्हाऱ्यांतले देव इथून निघाले हे कुणी सांगितलंच नाही.

आता तुझं काम. तुझ्या आजीच्या देवघरात अशीच लक्ष्मी होती, मला पक्की आठवते. तिची फ्रेम उघड. काच जपून काढ. कागद चिकटला असेल तर ओढू नकोस, तसाच राहू दे. खालच्या काठावरची ओळ वाच आणि फोटो पाठव. तिथे गावाचं नाव पुरं असेल, तर माझ्या चार अक्षरांना जोड मिळेल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश