शनिवारी साडेबाराचं टेबल

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायचं नाही असं ठरवून लिहितेय. फोनवर आई "बघू गं" म्हणते, बाबा फोन आईकडे देतात आणि विषय तिथेच राहतो. म्हणून आधी सांगून टाकते. तुमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचं जेवण यंदा घरी नाही. शनिवारी दुपारी साडेबाराला फोर्टात, काळा घोड्याच्या बाजूला, आपल्या तिघांसाठी टेबल घेतलंय. दादाशी बोलणं झालंय. त्याला सुट्टी नाही, तो पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन येतोय. आत्यांना मी स्वतः फोन केला. त्या अजिबात रागावल्या नाहीत. "वहिनीला एकदा तरी बसल्या जागी गरम खाऊ दे," एवढंच म्हणाल्या.

आई, तुला न विचारता ठरवलं याचं वाईट वाटेल, हे मला कळतंय. चक्का कुठून आणायचा, कुणाकडची मोठी कढई मागायची, इथपर्यंत तुझं सगळं ठरलेलं असणार. तुझ्या श्रीखंड-पुरीला नाव ठेवायची माझी टाप नाही. पण वीस माणसांच्या पुऱ्या म्हणजे गॅसपुढे दोन तास उभं राहणं, आणि डॉक्टरांनी गुडघ्यांबद्दल काय सांगितलंय ते आपण दोघींनी एकाच खोलीत बसून ऐकलंय. दादाच्या मुंजीत तू किती वाजता जेवलीस ते मला आठवतं. चार वाजून गेले होते. पापड संपले होते आणि तू कढी-भात कालवून उभ्या उभ्या खाल्लास. मी तुझ्या पदराला धरून होते. तू मलाही दोन घास भरवलेस.

आता बांद्र्याचं बोलते. त्यावर आपण कुणीच नीट बोललेलो नाही.

फेब्रुवारीत माझ्या बढतीचं निमित्त करून तुम्हाला तिकडे नेलं. नवीन जागा, ऑफिसातले सगळे वाखाणत होते. मी गाडीत म्हटलं, "आठला जेवायला बसू." म्हणून बाबांनी साडेसातला मधुमेहाची गोळी घेतली. तिथे बुकिंग घेतच नव्हते. नाव लिहून घेतलं आणि आपण पाऊण तास फुटपाथवर कुंड्यांच्या शेजारी उभे. आत गेलो तर पाठ नसलेले उंच स्टूल आणि कानठळ्या बसवणारं गाणं. ताट समोर आलं तेव्हा दहाला वीस मिनिटं कमी होती. त्याआधीच बाबांच्या कपाळावर घाम आला होता. हातातलं मेन्यूकार्ड थरथरत होतं. मी विचारलं काय मागवू, तर तुम्ही म्हणालात, "पावती घेतली का?" मला काही कळलं नाही. आईला कळलं. तिने पर्समधली खडीसाखर काढून तुमच्या तोंडात घातली आणि पाण्यात साखर मागवली. मी तेव्हा कार्ड वाचत बसले होते. बाबा, तो घाम माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

नंतर मी डॉक्टरांना भेटून नीट समजून घेतलं. ती ग्लिमेपिराइडची गोळी साखर खाली आणायचं आपलं काम करत राहते, जेवण वेळेवर येवो न येवो. साखर खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, आणि सावरलं की नीट खायला द्यायचं. गोळी ताट समोर आल्यावरच. म्हणून या वेळी रात्र नकोच. दुपारी तुमची गोळी नसते, आणि साडेबाराला किचन नुकतंच सुरू झालेलं असतं, त्यामुळे ताटकळावं लागत नाही. सकाळची गोळी पोटात असणारच, तेव्हा अकराला दोन मारी बिस्किटं खायचीच. मी फोन करून विचारणार आहे.

आता फोर्टच का. बाबा, तेहतीस वर्षं तुम्ही डोंबिवलीहून डबा घेऊन तिथे गेलात. एका मे महिन्यात मलाही नेलं होतं. मी दुसरीत असेन. जहांगीरमध्ये चित्रं दाखवलीत आणि बाहेर पडताना मला 'समोवार' दिसलं. ते लांबट, रेल्वेच्या डब्यासारखं चिंचोळं हॉटेल, पलीकडे हिरवळ, लोक निवांत चहा पीत बसलेले. मी म्हटलं, आपण इथे बसू. तुम्ही म्हणालात, "पुढच्या वेळी." मग आपण हॉर्निमन सर्कलच्या बागेत बाकावर बसून तुमचा डबा खाल्ला. फ्लॉवर-बटाट्याची भाजी होती. आंब्याच्या लोणच्याची फोड तुम्ही पोळीला पुसून, तिखट कमी करून मला दिलीत. तुम्ही त्या दिवशी दीडच पोळी खाल्लीत, हे मला मोठेपणी लक्षात आलं.

मी तेव्हाच ठरवलं होतं की पहिल्या पगारात तुम्हाला तिथे न्यायचं. पगार सुरू झाला जून २०१६ मध्ये. समोवार मार्च २०१५ मध्येच बंद झालं होतं, पन्नास वर्षं चालून. जिथून तुम्ही दर वर्षी एक कॅसेट आणायचात ते ऱ्हिदम हाऊसही २०१६ मध्ये बंद झालं. मला तेव्हा फार रडू आलं होतं, तुम्हाला सांगितलं नाही. आता त्या गल्ल्यांमध्ये नवीन नवीन हॉटेलं निघालीत, जुन्या इमारतींच्या तळमजल्यांवर कॅफे झालेत, आणि मी ऑफिसच्या लोकांबरोबर तिथे जेवते. तिथून जाताना दर वेळी तुमचा डबा आठवतो. आणखी एक 'पुढच्या वेळी' मला नको आहे.

जागा निवडायला मी दोन महिने घेतले. अलाना सेंटरच्या गल्लीत 'बर्मा बर्मा' म्हणून आहे, २०१४ मध्ये सुरू झालेलं. पूर्ण शाकाहारी, दारूही नाही, म्हणजे शेजारच्या टेबलावर काय येईल या काळजीने आईला अवघडून बसायला नको. आई, ब्रह्मदेशाचं जेवण म्हटल्यावर तू दचकशील. पण तू रत्नागिरीची. लहानपणी दर सुट्टीत तू मला ब्रह्मदेशाच्या थिबा राजाची गोष्ट सांगायचीस. इंग्रजांनी त्याला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. "एवढा मोठा राजा, पण घरचं जेवण मिळालं असेल का रे त्याला," असं तू आजोबांना विचारायचीस ना? मला ते जेवण तुला दाखवायचंय.

त्यात अनोळखी फारसं काही नाही. त्यांच्याकडे शान तोफू नावाचा प्रकार असतो. तो सोयाबीनचा नाही, बेसनाचा. बेसन पाण्यात कालवून, घोटून, शिजवून, थापून गार करायचं आणि वड्या पाडायच्या. मी गेल्या महिन्यात पहिला तुकडा तोंडात घातला आणि तुझ्या पाटवडीची आठवण झाली. खोबरं-कोथिंबीर नव्हती आणि वडी जरा मऊ होती, एवढाच फरक. खाऊ स्वे म्हणजे नारळाच्या दुधाच्या रश्शात शेवया. त्यालाही बेसनाचा दाटपणा असतो. वरून घ्यायला तळलेला कांदा, लसूण, दाण्याचं कूट, लिंबू, तिखट छोट्या वाट्यांतून वेगळं येतं, मिसळीसारखं. आपल्या हाताने हवं तेवढं घालायचं. चहाच्या आंबवलेल्या पानांची कोशिंबीर मात्र आंबट-तुरट लागते. आई, तिचा एकच चमचा घे. नाही आवडली तर मी खाईन.

बाबांसाठी एक खाऊ स्वे दोघांत. मीठ आणि सोया सॉस कमी घाला असं मी आधीच सांगणार आहे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलीग्रॅम सोडियम असतं आणि दिवसभराची मर्यादा २००० ची. बाबा, यावर वाद नको. गोड एकच मागवू, त्यातले दोन चमचे तुमचे.

पैशांचं विचारू नका, पण विचारणारच, म्हणून सांगते. तिघांचं साडेतीन हजारांच्या आत होईल. मी दर महिन्याला थोडे बाजूला टाकत होते, ते यासाठीच. बिल तुम्ही तपासायचं, बाबा. जीएसटी ५ टक्के असायला हवा. सर्व्हिस चार्ज लावलाच असेल तर तो द्यायचा की नाही हे आपल्यावर असतं, ४ जुलै २०२२ च्या ग्राहक प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही. वाढणाऱ्या मुलाच्या हातात काय द्यायचं ते तुम्ही तुमच्या मनाने द्या.

गाडी साडेनऊला खाली येईल. लिफ्टने उतरायचं, "दोनच तर मजले" म्हणायचं नाही. पाठ असलेल्या खुर्च्या मागितल्यात. काट्या-चमच्यांची चिंता नको, हाताने खाल्लं तरी तिथे कुणी बघत नाही, आणि बघितलं तर बघू दे. येताना बाबांच्या मनासारखं, व्हीटीवरून एसी लोकल. सुटायच्या स्टेशनवर बसायला जागा मिळते. रविवार मेगाब्लॉकमुळे टाळला. शनिवारचा उपास डॉक्टरांनीच सोडवलाय, तेव्हा मारुतीराया रागावणार नाही. आई, नी-कॅप घालून ये, साडीखाली दिसत नाही. अंजिरी साडी नेस, ती कपाटात ठेवून विरून जाईल.

जेवण झालं की जमलं तर गाडीतूनच काळ्या घोड्याचा पुतळा दाखवीन. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा तिथे घोडाच नव्हता, मूळचा १९६५ मध्ये राणीच्या बागेत नेलेला. हा नवा, स्वार नसलेला, २०१७ मध्ये आला, तुमच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी. तुम्ही घाईत असायचात, नीट बघितला नसेल.

आणि एक. बाबांचा ऑफिसचा डबा वरच्या फळीवर पितळी पातेल्यांच्या मागे आहे, मी दिवाळीत पाहिलाय. तो घासून, रिकामा घेऊन या. उरलेलं प्लॅस्टिकमध्ये बांधून आणायला आईला आवडत नाही. हॉर्निमन सर्कलच्या बागेत थोडा वेळ बसू, बाबांना तो बाक कुठला ते आठवतंय का बघू.

तुमची,
छकुली

ता. क. आई, खडीसाखर पर्समध्ये असू दे. माझ्याही पर्समध्ये आहे आता.